कोळशाच्या गावचा सेंटर हाफ

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)

फुटबॉलच्या इतिहासावर बोलायचं म्हटलं, की पेले, मॅराडोना, झिदान ही नावं आपोआप ओठांवर येतात. ते साहजिकच आहे. गोल करणाऱ्याची नावं पोरांच्या बनियनवर लिहिली जातात, गोल अडवणाऱ्याची नाही. आज मी बोलणार आहे तो माणूस मात्र उभं आयुष्य गोल अडवत राहिला आणि पुढे इतरांना खेळ शिकवताना त्याने अडवणाऱ्याच्याच अकलेवर एका देशाचा संघ उभा केला. त्याचं नाव जॅक चार्लटन. बॉबी चार्लटन म्हटलं तर जुन्या रसिकांना लगेच ओळख पटेल. जॅक हा बॉबीचा थोरला भाऊ.

यात माझा थोडा स्वार्थ आहे, तो आधीच सांगून टाकतो. कोल्हापुरात आमच्या पेठेतल्या तालीम संघाकडून मी सात-आठ मोसम बॅकला खेळलो. शाहू स्टेडियमवर गर्दी टाळ्या वाजवायची ती फॉरवर्डसाठी. आमच्या वाट्याला यायच्या शिव्या, त्याही गोल झाल्यावर. त्यामुळे बॅकला खेळणारा कुणी मोठा झाला, की मला अजून बरं वाटतं.

जॅकचा जन्म ८ मे १९३५ चा. गाव अ‍ॅशिंग्टन, इंग्लंडच्या अगदी ईशान्य टोकाला, नॉर्थम्बरलँड परगण्यात. गाव म्हणजे कोळशाची खाण आणि खाणीभोवतीच्या चाळवजा घरांच्या रांगा. वडील बॉब खाणकामगार. त्यांना फुटबॉलचं फारसं वेड नव्हतं. वेड होतं ते आई सिसीला. ती मिलबर्न घराण्यातली. तिचे चार भाऊ व्यावसायिक फुटबॉलपटू, आणि न्यूकॅसल युनायटेडचा गाजलेला जॅकी मिलबर्न हा तिचा चुलतभाऊ. म्हणजे खेळ आला तो आजोळकडून. घरात चार मुलगे, झोपायला एकच पलंग. त्यातला बॉबी लहानपणापासून चेंडूवर जादू करणारा. जॅक उंच, हडकुळा, लांब मानेचा. याला पुढे कुणी पैसे देऊन खेळवेल असं गावात कुणाला वाटत नव्हतं.

पंधराव्या वर्षी लीड्स युनायटेड क्लबकडून चाचणीचं बोलावणं आलं, ते त्याने चक्क नाकारलं आणि वडिलांच्या मागोमाग तो खाणीत उतरला. जमिनीखालचं ते काम प्रत्यक्ष पाहिल्यावर मात्र थोड्याच दिवसांत त्याने राजीनामा दिला. मग पोलीस भरतीचा अर्ज केला. मुलाखतीची तारीख आणि लीड्सची चाचणी नेमकी एकाच दिवशी आली. जॅक चाचणीला गेला. एप्रिल १९५३ मध्ये, अठरा वर्षं पुरी व्हायच्या आत, तो लीड्सच्या पहिल्या संघातून खेळला. त्यानंतर वीस वर्षं त्याने दुसऱ्या कुठल्याही क्लबचा सदरा अंगात घातला नाही. लीड्ससाठी ७७३ सामने! त्या क्लबचा हा विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे.

हा आकडा ऐकायला भारदस्त वाटतो, पण त्यातली पहिली आठ-नऊ वर्षं तशी वायाच गेली. दोन वर्षं सक्तीच्या लष्करी नोकरीत गेली. उरलेल्या काळात लीड्स हा रडतखडत चाललेला क्लब होता आणि जॅक हा त्यातला भांडखोर, हट्टी सेंटर हाफ. मार्च १९६१ मध्ये डॉन रेव्ही मॅनेजर झाला आणि चित्र पालटलं.

इथे एक खुलासा करतो. आपल्याकडे क्रिकेट संघाबरोबर जो मॅनेजर जायचा तो तिकिटं, हॉटेलं आणि सामानसुमान बघायचा. ब्रिटिश फुटबॉलमधला मॅनेजर ही निराळी चीज आहे. संघ तो निवडतो, डाव तो आखतो, खेळाडू घ्यायचा की विकायचा तेही बहुतांशी तोच ठरवतो. हरलं तर पहिली मानही त्याचीच उडते.

रेव्हीने लीड्सला शिस्त लावली. १९६४ मध्ये क्लब वरच्या श्रेणीत आला, १९६९ मध्ये लीग जिंकली, १९७२ मध्ये एफए कप. जॅकची खरी भरभराट तिशीच्या उंबरठ्यावर सुरू झाली. एप्रिल १९६५ मध्ये स्कॉटलंडविरुद्ध तो पहिल्यांदा इंग्लंडकडून खेळला तेव्हा तिसाव्या वाढदिवसाला महिनाही उरला नव्हता. आपली निवड कशी झाली याचं त्याला स्वतःलाच कोडं होतं. त्याने मॅनेजर अल्फ रॅम्सेला विचारलं. रॅम्सेने दिलेलं उत्तर जॅक पुढे जन्मभर हसत हसत सांगायचा. उत्तराचा मथितार्थ असा होता, की माझ्या डोक्यात संघाचा एक साचा आहे आणि त्यात बसतील ते खेळाडू मी घेतो, ते सर्वांत चांगले असतीलच असं नाही! दुसरा कुणी असता तर रुसला असता. जॅकने ते मनात जपून ठेवलं. पुढची गोष्ट कळण्यासाठी आपणही ते लक्षात ठेवायला हवं.

१९६६ चा विश्वचषक इंग्लंडने जिंकला, हे सर्वश्रुत आहे. ३० जुलैला वेम्बलीवर अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीवर ४-२ अशी मात केली. शिट्टी वाजली तेव्हा जॅक मैदानावर गुडघे टेकून बसला होता. मला त्याहून जास्त भावते ती पोर्तुगालविरुद्धच्या उपांत्य सामन्याच्या दिवशीची गोष्ट. दोन मुलगे विश्वचषकाचा उपांत्य सामना खेळत होते, धाकट्याने त्यात दोन गोल केले आणि बापाने तो सामना पाहिला नाही. बॉब चार्लटन त्या वेळी अ‍ॅशिंग्टनच्या खाणीत पाळीवर होता.

१९७३ मध्ये खेळणं थांबलं आणि लगेच तो मिडल्सब्रो क्लबचा मॅनेजर झाला. पहिल्याच मोसमात दुसरी श्रेणी जिंकली, तीही दुसऱ्या क्रमांकापेक्षा १५ गुण पुढे राहून. विजयाला दोनच गुण मिळण्याचे ते दिवस, म्हणजे हे अंतर किती अवाढव्य होतं ते बघा. त्या वर्षीचा सर्वोत्तम मॅनेजर म्हणून त्याचा गौरव झाला. चार वर्षांनी त्याने तो क्लब सोडला आणि त्याच सुमारास, १९७७ मध्ये, इंग्लंडच्या मॅनेजरपदासाठी अर्ज केला. विश्वचषक जिंकून देणाऱ्या संघातला खेळाडू, यशस्वी मॅनेजर; निदान मुलाखतीला तरी बोलावतील अशी त्याची अपेक्षा. अर्जाला साधं उत्तरही आलं नाही, असं तो सांगायचा. तो सल त्याच्या मनातून कधी गेला नाही. त्यानंतर शेफील्ड वेन्सडेला त्याने तिसऱ्या श्रेणीतून दुसरीत आणलं. मग न्यूकॅसलमध्ये एक मोसम काढला आणि पुढच्या मोसमाच्या तोंडावर प्रेक्षकांनी हुर्यो उडवताच तडकाफडकी राजीनामा दिला.

आणि मग आलं आयर्लंड. फेब्रुवारी १९८६.

इथे आयर्लंड म्हणजे आयर्लंडचं प्रजासत्ताक. उत्तर आयर्लंड ब्रिटनच्या अमलाखाली आणि त्याचा फुटबॉल संघही वेगळा. उत्तरेत बॉम्ब आणि गोळीबार रोजचेच झाले होते. प्रजासत्ताकात बेकारी इतकी, की तरुण मुलं बोटी भरभरून इंग्लंड-अमेरिकेला जात होती. फुटबॉलकडेही तिथे काहीसं तिरक्या नजरेनं बघितलं जाई, कारण तो इंग्रज शिपायांनी छावण्यांतून आणलेला खेळ. आयर्लंडच्या देशी खेळांची मोठी संघटना म्हणजे गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन. तिच्या सभासदांना असले परके खेळ खेळायला, बघायलासुद्धा बंदी होती. ती बंदी १९७१ मध्ये उठली. अशा देशाच्या संघावर पहिल्यांदाच परदेशी मॅनेजर नेमला गेला आणि तो निघाला इंग्रज! संघटनेतल्या मतदानात आधी लिव्हरपूलच्या बॉब पेझलीचं नाव पुढे होतं. फेऱ्या होता होता पारडं फिरलं आणि जॅकची वर्णी लागली. पहिला सामना वेल्सशी, डब्लिनमध्ये. त्यात ०-१ अशी हार.

त्या उन्हाळ्यात तो मेक्सिकोतला विश्वचषक बघून आला. त्याचं निरीक्षण साधं होतं. सगळे संघ मधल्या फळीतल्या एका कुशल खेळाडूमार्फत डाव रचतात आणि सगळ्यांचे बचावपटू असा डाव समोरून येण्याचीच वाट बघत असतात. मग तिथून जायचंच कशाला? चेंडू मधल्या फळीच्या डोक्यावरून लांब मारायचा, तोही प्रतिस्पर्धी बॅकच्या मागच्या मोकळ्या कोपऱ्यात. आपले फॉरवर्ड कुत्र्यासारखे मागे धावतील. बॅकला वळून स्वतःच्या गोलकडे तोंड करून पळावं लागेल.

बॅकला खेळलेल्या माणसाला हे ऐकून घाम फुटतो. समोरून कितीही तरबेज खेळाडू चेंडू घेऊन येऊ दे, त्याचे पाय दिसतात, काहीतरी करता येतं. पण चेंडू डोक्यावरून मागे पडला, आपलं तोंड आपल्याच गोलीकडे आणि पाठीमागे पावलांचा आवाज, त्यासारखी भीती नाही. अशा वेळी माणूस चेंडू बाहेर तरी मारतो, गोलीकडे तरी ढकलतो, नाहीतर चुकतो. बाहेर मारला तर थ्रो, कॉर्नर, पुन्हा दबाव. जॅकने वीस वर्षं जी भीती स्वतः अनुभवली, तीच त्याने प्रतिस्पर्ध्यांना वाटून टाकली. त्याच्या डावपेचांना पुष्कळांनी आडदांड म्हटलं. दिसायला ते होतेच. पण त्यामागचा विचार आडदांड नव्हता.

त्यासाठी माणसं हवी होती. नियम असा, की आई-वडील किंवा आजी-आजोबा आयरिश असतील तर त्या देशाकडून खेळता येतं. जॅकने हा नियम मनसोक्त वापरला. ग्लासगोचा रे हॉटन, लिव्हरपूलचा जॉन ऑल्ड्रिज. इंग्रज पत्रकार चेष्टा करायचे, की ज्याने आयरिश कॉफी प्यायली तोही चालेल. मला ही चेष्टा उथळ वाटते. ही पोरं ग्लासगो-लिव्हरपूलला जन्मली ती त्यांच्या घरच्यांना कधीतरी पोटापाण्यासाठी आयर्लंड सोडावं लागलं म्हणून. दीडशे वर्षं देशाबाहेर गेलेल्यांची नातवंडं हिरवा सदरा घालून परतत होती. आपल्याकडे कोकणातल्या गावच्या पालखीला मुंबईचे चाकरमानी येतात, तेव्हा त्यांना कुणी परके म्हणत नाही.

नशीबही होतं. १९८८ च्या युरोपीय स्पर्धेत आयर्लंड पोचलं ते स्कॉटलंडने सोफियामध्ये अखेरच्या मिनिटांत बल्गेरियाला हरवल्यामुळे. देशाची ही पहिलीच मोठी स्पर्धा आणि पहिला सामना कुणाशी, तर इंग्लंडशी. १२ जून १९८८, श्टुटगार्ट. सहाव्या मिनिटाला हॉटनने डोक्याने गोल केला आणि उरलेला सगळा वेळ संघाने तो एक गोल जिवापाड राखला. १-०. समोर इंग्लंडचा मॅनेजर बॉबी रॉबसन. तोही ईशान्येकडचा, खाणकामगाराचाच मुलगा.

१९९० मध्ये इटलीतला विश्वचषक आपण दूरदर्शनवर पाहिला. आयर्लंडचा हा पहिला विश्वचषक. इंग्लंडशी बरोबरी, इजिप्तशी बरोबरी, हॉलंडशी बरोबरी. इजिप्तचा सामना इतका रटाळ झाला, की आयरिश दूरचित्रवाणीवर माजी खेळाडू इमॉन डन्फीने बोलता बोलता हातातलं पेन फेकून दिलं. डन्फीचं अगदीच चूक नव्हतं. गोलीकडे पायाने मुद्दाम दिलेला चेंडू त्याने हातात घ्यायचा नाही, हा नियम १९९२ मध्ये आला, तो यायला असल्या सामन्यांचाही हातभार आहेच. मग जेनोआत रुमानियाशी गाठ पडली. आपल्याकडे रात्रीचे अकरा वाजून गेले होते. १२० मिनिटांत गोल नाही. पेनल्टींमध्ये पॅकी बॉनरने टिमोफ्टेचा फटका अडवला आणि शेवटची पेनल्टी मारायला आला डेव्हिड ओलेरी. हा उत्तम बचावपटू. पण जॅकशी बिनसल्यामुळे मधली काही वर्षं संघाबाहेर बसलेला. त्याने चेंडू जाळ्यात मारला. जादा वेळ धरूनही एकही सामना न जिंकता आयर्लंड उपांत्यपूर्व फेरीत! तिथे रोममध्ये इटलीने १-० असं हरवलं. पाच सामन्यांत आयर्लंडचे एकूण गोल दोन.

१ जुलैला संघ डब्लिनला परतला तेव्हा रस्त्यांवर लाखो माणसं होती. त्याच दिवशी नेल्सन मंडेला डब्लिनमध्ये आले होते. गर्दीने मंडेलांना बघून पॉल मॅग्राच्या नावाचा पुकारा केला, अशी गमतीदार आठवण अजून सांगतात. मॅग्रा हा त्या संघातला कृष्णवर्णीय बचावपटू. लंडनमध्ये जन्मलेला, डब्लिनच्या अनाथाश्रमांत वाढलेला, गुडघे कामातून गेलेला आणि दारूच्या विळख्यात सापडलेला. त्याने हे सगळं स्वतःच पुढे लिहिलं आहे. इतरांवर डाफरणारा जॅक त्याच्याशी मात्र बापासारखा वागला. सामन्याला तो आलाच नाही तरी त्याने त्याला टाकलं नाही.

सगळ्यांशी तो असा वागला नाही, हेही सांगायला हवं. लिअम ब्रॅडी हा आयर्लंडचा असामान्य कसबी मध्यरक्षक. पण चेंडू पायात घेऊन डाव रचणं हाच त्याचा स्वभाव, आणि जॅकच्या साच्यात नेमकी तीच जागा नव्हती. सप्टेंबर १९८९ मध्ये पश्चिम जर्मनीविरुद्ध डब्लिनच्या प्रेक्षकांसमोर जॅकने त्याला मध्यंतरापूर्वीच बाहेर काढलं. ब्रॅडीची आंतरराष्ट्रीय कारकीर्द तिथे जवळजवळ संपली. रॅम्सेचा धडा जॅकने गिरवला खरा. पण रॅम्सेच्या साच्यामुळे एका साध्या खेळाडूला संधी मिळाली होती. जॅकच्या साच्यामुळे एका मोठ्या खेळाडूचा अपमान झाला. तो निर्णय मला आजही पटत नाही.

१८ जून १९९४. अमेरिकेतला विश्वचषक. न्यूयॉर्कजवळच्या जायंट्स स्टेडियमवर आयर्लंडने इटलीला १-० असं हरवलं. गोल पुन्हा हॉटनचा. पॉल मॅग्रा त्या दिवशी जे खेळला, ते बचाव शिकणाऱ्या प्रत्येक मुलाने पाहावं. त्याच रात्री उत्तर आयर्लंडमधल्या लॉकिनआयलंड गावी एका छोट्या पबमध्ये लोक हा सामना टीव्हीवर पाहत होते. बंदूकधारी आत शिरले आणि त्यांनी पाठमोऱ्या बसलेल्या माणसांवर गोळ्या झाडल्या. सहा जण ठार झाले. एका इंग्रजाच्या संघावर आयरिश लोक जीव टाकत होते तो काळ हा असा होता.

डिसेंबर १९९५ मध्ये लिव्हरपूलच्या अ‍ॅनफील्डवर हॉलंडने ०-२ असं हरवलं आणि जॅकने निरोप घेतला. जागेवर आला तो त्याचाच कर्णधार मिक मॅकार्थी, आणखी एक बचावपटू. १९९६ मध्ये आयर्लंडने जॅकला सन्माननीय नागरिकत्व दिलं. मेयो परगण्यातल्या बॅलिना इथे त्याने घर घेतलं होतं, तिथल्या नदीवर तो मासे धरत बसायचा. पबमध्ये तो चेक लिहून द्यायचा आणि मालक ते बँकेत न टाकता फ्रेम करून भिंतीवर लावायचे, अशी गोष्ट सांगतात. भावाशी मात्र घरगुती कारणांवरून दुरावा आला होता. २००८ मध्ये बीबीसीच्या समारंभात बॉबीला जीवनगौरव देताना जॅकने त्याला मिठी मारली, तेव्हा सभागृह उभं राहिलं.

जॅक खेळाडूंची नावं सर्रास चुकवायचा. एकाला दुसऱ्याच्या नावाने हाका मारायचा आणि संघ खो खो हसायचा. शेवटच्या वर्षांत मात्र त्याला खरोखरच आठवेनासं झालं. स्मृतिभ्रंश. १० जुलै २०२० रोजी तो गेला, वय ८५. १९६६ च्या त्या संघातले रे विल्सन, मार्टिन पीटर्स, नॉबी स्टाइल्स यांनाही हाच आजार झाला, आणि बॉबीलाही. बॉबी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेला.

ग्लासगोच्या संशोधकांनी ७,६७६ माजी स्कॉटिश व्यावसायिक खेळाडूंच्या नोंदी तपासल्या. २०१९ मध्ये त्यांनी जाहीर केलं, की मेंदूच्या ऱ्हासाच्या आजाराने मरण्याचं प्रमाण या खेळाडूंत सर्वसामान्यांच्या साडेतीन पट आहे. २०२१ मध्ये त्यांनी जागेनुसार हिशेब मांडला. गोलरक्षकांत असा आजार होण्याचं प्रमाण फारसं वाढलेलं नव्हतं. बचावपटूंत ते जवळपास पाच पट होतं. एका माणसाच्या आजाराचं कारण अशा आकड्यांवरून ठरवता येत नाही. पण उंच चेंडू डोक्याने परतवणं हेच सेंटर हाफचं काम आणि जॅकच्या काळातला चामड्याचा चेंडू पावसात भिजून जड व्हायचा. इंग्लंडचाच खेळाडू जेफ अ‍ॅस्टल २००२ मध्ये ५९ व्या वर्षी गेला, तेव्हा चौकशी अधिकाऱ्याने नोंद केली ती ‘व्यवसायजन्य आजार’ अशी. खाणींच्या गावांना हा शब्द चांगला ठाऊक होता. तिथे तो कोळशाच्या धुळीने भरलेल्या फुप्फुसांसाठी वापरत.

इंग्लंडमध्ये २०२१-२२ च्या मोसमापासून सरावात जोराचे हेडर आठवड्याला दहापेक्षा जास्त मारू नयेत, अशी सूचना आहे. आमच्या वेळी संध्याकाळी गांधी मैदानावर मास्तर चेंडू फेकत राहायचे आणि आम्ही मोजतही नव्हतो.

२१ जुलै २०२० ला जॅकची अंत्ययात्रा अ‍ॅशिंग्टनमधून निघाली. कोविडचे दिवस, अंत्यविधीला मोजक्याच माणसांना परवानगी, म्हणून गावकरी रस्त्याच्या दुतर्फा उभे राहिले. कुणाच्या अंगात इंग्लंडचा सदरा होता, कुणाच्या लीड्सचा, कुणाच्या आयर्लंडचा हिरवा. त्या दुपारी आयर्लंडमधल्या रेडिओ केंद्रांनी १९९० च्या विश्वचषकासाठी केलेलं संघाचं गाणं लावलं. त्या गाण्यात मध्येच जॅकचा आवाज आहे, खाणीच्या गावच्या त्या जाड्याभरड्या इंग्रजीत आपल्या पोरांना डावपेच समजावून सांगणारा.